शून्य गोलांची मजुरी

२०२४ च्या डिसेंबरात बेकी सॉअरब्रन या अमेरिकन फुटबॉलपटूने निवृत्ती जाहीर केली. राष्ट्रीय संघाकडून २१९ सामने, दोन विश्वचषक, एक ऑलिंपिक सुवर्णपदक. आणि या २१९ सामन्यांत तिच्या नावावर गोल एकही नाही. ती मध्यबचावात खेळे. गोल करणे हे तिचे काम नव्हतेच. तो होऊ न देणे हे होते. २०१५ च्या विश्वचषकात अमेरिकेवर पहिल्या सामन्यात एक आणि अंतिम सामन्यात दोन गोल झाले. मधल्या पाच सामन्यांत एकही झाला नाही. जे घडले नाही त्याची नोंद कोणत्याच फलकावर होत नसते. श्रमाचे मोल त्याच्या उत्पादनावरून बाजार अचूक ठरवतो, असे उठताबसता सांगणाऱ्या पंडितांनी या शून्याची मजुरी एकदा मांडून दाखवावी.

ती त्यांना मांडता येणार नाही, कारण सॉअरब्रनच्या सबंध कारकिर्दीत बाजार नावाची वस्तू तिच्या वाट्याला फारशी आलीच नाही. अमेरिकेत स्त्रियांची पहिली व्यावसायिक लीग २००१ मध्ये निघाली आणि २००३ मध्ये बुडाली. दुसरी २००९ मध्ये सुरू झाली. सॉअरब्रन तिच्यात वॉशिंग्टनच्या संघाकडून खेळली. २०११ मध्ये तो संघ एका दूरध्वनी उद्योजकाच्या हाती गेला. त्याने त्याला फ्लोरिडात नेले आणि आपल्या विक्रीच्या वस्तूचे, ‘मॅजिकजॅक’चे, नाव दिले. खेळाडूंच्या अंगावर मालकाचा माल छापण्याची रीत जुनीच. येथे संघाचे नावच माल झाले. मालक आणि लीग यांच्यातले भांडण न्यायालयापर्यंत गेले आणि २०१२ मध्ये लीगच संपली. भांडण मालकांचे, बेकारी खेळाडूंची.

२०१३ मध्ये तिसरी लीग आली. तिच्यात हंगामाचे किमान वेतन ६,००० डॉलर आणि कमाल ३०,००० डॉलर होते. एका संघाने सर्व खेळाडूंवर मिळून २ लाख डॉलरपेक्षा अधिक खर्च करायचा नाही, अशी मर्यादाही होती. राष्ट्रीय संघातील खेळाडूंचे क्लबवेतन महासंघ देणार होता आणि त्यांनी कोणत्या क्लबात खेळायचे हे वाटपाने ठरणार होते. सॉअरब्रन कॅन्सस सिटीच्या वाट्याला आली. मालक आपसांत बसून मजुरीची कमाल ठरवतात, कोणी कोठे राबायचे तेही ठरवतात आणि या व्यवस्थेला स्पर्धा म्हणतात! कारखानदारांनी हेच केले असते तर त्याला संगनमत म्हटले गेले असते. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही एकच खरेदीदार असलेल्या बाजाराचे स्वतंत्र प्रकरण असते, आणि अशा बाजारात मजुरी कामगाराच्या उत्पादकतेपेक्षा खाली राहते हे तेथेच लिहिलेले असते. मुक्त बाजाराचे भक्त ते प्रकरण सोडून पुढे वाचतात.

कॅन्सस सिटीने २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. २०१७ च्या अखेरीस तो क्लब बंद झाला आणि त्याच्या खेळाडूंचे हक्क युटाच्या नव्या क्लबाकडे गेले. २०२० मध्ये सॉअरब्रनची अदलाबदल पोर्टलंडशी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस युटाचाही क्लब उठला, आणि त्याचे खेळाडू कोठे गेले? कॅन्सस सिटीत.

परंतु खरी लढाई क्लबांशी नव्हे, महासंघाशी झाली. २०१५ चा विश्वचषक जिंकल्याबद्दल अमेरिकेच्या वाट्याला २० लाख डॉलर आले. आदल्या वर्षी पुरुषांचा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मनीला ३ कोटी ५० लाख मिळाले होते. मार्च २०१६ मध्ये सॉअरब्रनसह पाच खेळाडूंनी समान संधी आयोगाकडे वेतनभेदाची तक्रार नोंदवली. त्यापूर्वीच, फेब्रुवारीत, महासंघाने आपल्याच खेळाडूंच्या संघटनेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. हेतू एकच, त्या वर्षीच्या ऑलिंपिकपूर्वी त्यांना संप करता येऊ नये. जूनमध्ये निकाल महासंघाच्या बाजूने लागला. ज्यांच्या श्रमाला मागणी नाही असे म्हणायचे, त्यांच्या संपाची इतकी धास्ती का वाटावी?

२०१९ च्या ८ मार्चला, महिला दिनी, २८ खेळाडूंनी दावा दाखल केला. मे २०२० मध्ये न्यायाधीशांनी वेतनाचा मुद्दा फेटाळला. त्यांचे गणित असे: वादातील काळात स्त्रियांना सामन्यामागे सरासरी सुमारे २ लाख २० हजार डॉलर मिळाले, पुरुषांना सुमारे २ लाख १२ हजार, मग अन्याय कोठे आहे? या काळात स्त्रियांनी दोनदा विश्वचषक जिंकला होता आणि पुरुषांचा संघ २०१८ च्या स्पर्धेला पात्रही ठरला नव्हता. जगज्जेत्याची आणि घरी बसलेल्याची सरासरी जवळपास सारखी भरते, तेव्हा दर सारखे नव्हते एवढेच त्यातून सिद्ध होते. मजुरीचा दर आणि मिळालेली मजुरी यांतला भेद तुकड्यावर काम करणारी विडी कामगारही जाणते.

न्यायाधीशांचा दुसरा आधार अधिक फसवा होता. पुरुषांसारखी सामन्यागणिक मोबदल्याची पद्धत स्त्रियांनी वाटाघाटीत नाकारली होती आणि निश्चित पगार मागितला होता; तेव्हा आता तक्रार कसली? पुरुष खेळाडूला क्लबाकडून घसघशीत पगार असतो, राष्ट्रीय संघाचा मोबदला ही वरकमाई. जिच्या पायाखालच्या लीगा एकामागून एक बुडाल्या तिला महिन्याचा पगार आणि आजारपणाचा विमा हाच आधार होता. बदली कामगाराने कायम होण्यासाठी कमी दर पत्करला तर त्याला कोणी त्याची हौस म्हणत नाही. असमानांमधील कराराला स्वातंत्र्याचे नाव देणे ही उदारमतवादी कायद्याची जुनी खोड आहे.

महासंघाने त्या खटल्यात आणखी एक पाऊल टाकले होते: पुरुष खेळाडूच्या कामाला अधिक कौशल्य आणि अधिक जबाबदारी लागते, असे त्याने लेखी मांडले. मार्च २०२० मध्ये जपानविरुद्धच्या सामन्यापूर्वी खेळाडूंनी सदरे उलटे घातले, महासंघाचे बोधचिन्ह आत गेले, चार तारे तेवढे उमटून दिसले. दुसऱ्या दिवशी महासंघाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. न्यायालयात हरलेल्या खेळाडूंनी अपील केले आणि लोकमताचा रेटा कायम ठेवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये महासंघाने २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड केली आणि मे महिन्यात पुरुष-स्त्री दोन्ही संघांशी समान वेतनाचे करार झाले. विश्वचषकांची बक्षिसेही दोघांनी वाटून घ्यायची ठरली. त्या वेळी खेळाडूंच्या संघटनेची अध्यक्ष सॉअरब्रन होती. त्या वर्षी पुरुष संघाने शेवटच्या सोळांत येऊन १ कोटी ३० लाख मिळवले. स्त्रियांच्या दोन जगज्जेतेपदांचे मिळून ६० लाख भरले होते.

हा विजय मोठा, पण तो वरच्या थरातला होता हे समाजवाद्यांनी तरी लपवू नये. राष्ट्रीय संघाबाहेरच्या शेकडो खेळाडू त्याच मैदानावर, त्याच लीगमध्ये, कित्येकदा जोडधंदा करून खेळत राहिल्या. त्यांची स्वतंत्र संघटना २०१७ मध्ये उभी राहिली आणि पहिला सामूहिक करार व्हायला २०२२ उजाडले. किमान वेतन ३५,००० डॉलर झाले. दरम्यान २०२१ मध्ये उघड झाले की प्रशिक्षकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी वर्षानुवर्षे दडपल्या गेल्या होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये चौकशी अहवाल आला. पोर्टलंडचे नाव त्यात ठळक होते. दुसऱ्याच दिवशी पोर्टलंडचीच खेळाडू असलेल्या सॉअरब्रनने जाहीरपणे सांगितले, की खेळाडूंना संरक्षण देण्यात वारंवार कसूर करणारे मालक आणि अधिकारी यांनी जायलाच हवे. चालू हंगामात स्वतःच्या मालकाविरुद्ध असे बोलायला काय लागते हे कामगार संघटनेत काम केलेल्यांना सांगायला नको. त्या महिन्याच्या अखेरीस तिच्या संघाने विजेतेपद मिळवले, आणि २०२४ मध्ये पोर्टलंडच्या मालकाने क्लब सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलरना विकला.

विकला, म्हणजे नफा कमावूनच गेला. त्याच २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या क्लबाचे मूल्य २५ कोटी डॉलर धरून त्याची मालकी बदलली. ऑगस्टमध्ये खेळाडू संघटनेने नवा करार मिळवला: नवोदित मुलींना क्लबांत वाटून देण्याची पद्धत बंद झाली, करार संपल्यावर कोठेही जाण्याचे स्वातंत्र्य मिळाले. मजुरीवरची मर्यादा मात्र उरली. २०२५ साठी ती संपूर्ण संघामागे ३३ लाख डॉलर ठरली. कराराची मुदत २०३० पर्यंत आहे.