वाढत्या अंगाची सायकल

आपल्याकडे मुलांसाठी काहीही घ्यायचे म्हटले की एक शब्द हमखास येतो – 'वाढत्या अंगाचं'! गणवेश वाढत्या अंगाचा, स्वेटर वाढत्या अंगाचा, बूटसुद्धा एक नंबर मोठेच. पैसे वाचतात आणि दोन वर्षे बघायला नको. गणवेश सैल असला तर फार तर मैत्रिणी हसतात. पण हाच नियम आपण सायकललाही लावतो आणि तिथे मात्र सगळा हिशेब फसतो. कारण सायकल अंगात घालायची वस्तू नाही. ते एक मशीन आहे, आणि त्याचे इंजिन म्हणजे ते मूल स्वतः!

माझे आजोळ वाटूर, म्हणून तिथलेच उदाहरण देते. जालना-मंठा रस्त्यावर वाटूर फाटा आहे, तिथून परतूरकडे रस्ता फुटतो. शाळेच्या वेळेला आजूबाजूच्या खेड्यांतून मुली सायकलवर येतात आणि त्याच रस्त्यावर ट्रक, एस.टी., ट्रॅक्टर यांचीही वर्दळ असते. जरा नीट बघितलं तर काय दिसतं? एखादी सीटवर न टेकता उभ्यानेच पॅडल मारते आहे. दुसरी प्रत्येक पॅडलला कंबर डावीकडे-उजवीकडे घसरवते आहे. थांबायचं झालं की अक्षरशः उडी मारावी लागते. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला आणि पाय जमिनीला टेकलाच नाही, तर? हा प्रश्न 'कम्फर्ट'चा नाही मित्रांनो, जिवाचा आहे.

आता या सायकली येतात कुठून? बऱ्याच जणींना त्या मानव विकास कार्यक्रमातून मिळतात. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांसाठी हा कार्यक्रम आहे आणि जालना जिल्ह्यातले तालुकेही त्यात आहेत. शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ही रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. ३५०० आधी मुलीच्या खात्यात आणि उरलेले १५०० खरेदीची पावती दाखवल्यावर. योजना उत्तमच आहे, यात शंका नाही. बिहारमध्ये २००६ साली अशीच योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. म्हणजे सायकलने शाळा जवळ येते, हे सिद्ध झालेले आहे. पण जी सायकल चालवायची भीती वाटते, ती चार दिवसांत भाऊ नाहीतर बाबा वापरू लागतात आणि मुलगी पुन्हा पायी!

घरच्यांचे म्हणणे चूक आहे असेही नाही. अनुदान एकदाच मिळणार, सायकल बारावीपर्यंत टिकायला हवी, मग मोठीच घेतलेली बरी, असे त्यांना वाटते. पण जरा विचार करा. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी सर्वात जोरात वाढते आणि पंधरा-सोळापर्यंत बहुतेक थांबते. म्हणजे आठवीतल्या मुलीची बरीचशी वाढ झालेलीच असते. राहिलेली वाढ नुसती सीट वर करूनही सांभाळता येते! मुलांची वाढ उशिरा, तेरा-चौदाच्या सुमारास जोर धरते, तिथे थोडा जास्त वाव ठेवावा लागेल. पण मूळ गोष्ट तीच : लहान सायकल वर करता येते, मोठी सायकल लहान करता येत नाही. सीट एकदा फ्रेमला टेकली की संपलं.

दुकानात आपण विचारतो, 'चोवीसची आहे का सव्वीसची?' हे तर चाकाचे माप झाले. सव्वीसच्याच दोन सायकलींच्या फ्रेम वेगवेगळ्या असू शकतात. मोजायचे असते ते मुलीचे माप. अनवाणी, भिंतीला टेकून उभे करायचे, दोन पायांमध्ये वरपर्यंत एक जाड पुस्तक धरायचे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचे. या मापाला ०.८८ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. 'टूर द फ्रान्स' तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँ यांच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते. माप ७२ सेंटीमीटर आले तर सीट साधारण ६३ वर.

टेप नसेल तर आणखी सोपी युक्ती आहे. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. नवशिक्या मुलीसाठी सीट थोडी खालीच बरी, म्हणजे दोन्ही चवडे जमिनीला टेकतात. सीटच्या नळीवर खूण असते, तिच्या वर नळी ओढू नये. आणि ब्रेक! बोटे लिव्हरपर्यंत पोचतात का, हे आधी बघा.

रेसिंग सायकल हवी असेल तर हे सगळे दुप्पट पाळावे लागते. तिच्यात शरीर पुढे झुकते, त्यामुळे फ्रेम लांब असली तर मान आणि खांदे दुखतात, ब्रेकही लांब पडतात. मोठ्यांच्या सायकलीला बहुधा १७० मिलिमीटरचा क्रँक असतो. आखूड पायांना तो मोठा पडतो आणि गुडघा दर फेरीला नको इतका वर येतो.

अनुदानाचे पैसे मुलीच्या खात्यात येतात, म्हणजे निवडही घरच्यांच्याच हातात आहे. तेव्हा मुलीला न नेता सायकल आणूच नये. तिला दुकानात बसवावे, उतरवावे, एक चक्कर मारू द्यावी.

आणि आपण काय करायचे? आपण 'अर्गोनॉमिक्स'ची व्याख्या पाठ करतो, परीक्षेत मार्क मिळवतो आणि विसरतो. दरवर्षी आपले एन.एस.एस. शिबिर कुठल्या ना कुठल्या गावात जाते, झाडलोट होते, पथनाट्य होते. यंदा त्यात एक सकाळ शाळेतल्या सायकलींसाठी काढू या का? एक टेप, दोन पाने आणि थोडे तेल, एवढेच लागते. एका सायकलीला दहा मिनिटे पुरतात. मात्र मुले वाढत असतात, म्हणून जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा सीट पुन्हा बघायला शाळेतल्याच दोन-तीन मुलींना शिकवून यायचे. पाना त्यांच्या हातात दिला की मग आपली गरजही उरणार नाही. इंजिनिअरिंग म्हणतात ते यालाच ना?