ओला कचरा सिंकमध्ये नको

गेल्या उन्हाळ्यात चार वर्षांच्या एका मुलाला आई-वडील आमच्या अपघात विभागात घेऊन आले. ओठ सुजलेले, तोंडातून सारखी लाळ गळत होती, पाण्याचा घोटसुद्धा गिळता येत नव्हता. घरातलं सिंक तुंबलं म्हणून पाइप मोकळा करणारी पावडर आणली होती. अर्धी वापरली आणि उरलेली पुडी ओट्याखाली ठेवून दिली. ते पांढरे दाणे मुलाला साखरेसारखे वाटले. अशा पावडरीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो पाइपमधल्या तेलाचा साबण करतो, तसाच अन्ननलिकेच्या आतल्या आवरणातल्या स्निग्धांशाचाही करतो. मुलगा वाचला, पण जखम भरताना अन्ननलिका आवळत गेली. आता ती रुंद करून घेण्यासाठी त्याला दर काही आठवड्यांनी दुर्बिणीखाली यावं लागतं. सिंक कशानं तुंबलं होतं, असं मी विचारलं. ‘‘भात आणि तळणाचं तेल, डॉक्टर,’’ आई म्हणाली.

हे आज आठवण्याचं कारण म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम. २०१६च्या नियमांत घरच्या कचऱ्याचे तीन भाग करायचे होते. आता ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याचा असे चार करायचे आहेत. चर्चा सगळी डबे किती आणि दंड कोणाला यावर चालली आहे. पण नियम कडक होतात तेव्हा घरात सगळ्यात नकोसा होतो तो ओल्या कचऱ्याचा डबा. त्याला वास येतो, चिलटं धरतात आणि गाडी नेमकी आपण आंघोळीला गेल्यावर येते. मग ताटातला उरलेला भात, आमटीचा गाळ, चहाचा चोथा नळाखाली धरला की काम झालं. तिथे कोणी तपासायला येत नाही. शहरांतल्या नव्या घरांत तर सिंकखाली कचरा दळणारं यंत्र बसवून देण्याची टूम आहे. कचरा दळला म्हणजे नाहीसा झाला, अशी त्यामागची समजूत.

तो नाहीसा होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवर, म्हणजे जेमतेम २८ टक्क्यांवर, प्रत्यक्ष प्रक्रिया होते. बाकीचं नदीत, नाल्यात, खाडीत जातं. दळलेला ओला कचरा त्याच रस्त्याने जाणार. ज्या इमारतीचं स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र खरोखर चालू आहे तिथली गोष्ट वेगळी. पण ‘खरोखर चालू’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत.

पाइपमध्ये काय घडतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. खरा गुन्हेगार तेल-तूप. गरम असताना ते पातळ असतं, म्हणून सहज वाहून गेल्यासारखं दिसतं. चार-सहा फुटांवर पाइप थंड असतो, तिथे ते आतून थर धरतं. वनस्पती तूप आणि खोबरेल थंडीत गोठतात हे आपण बरणीत पाहतोच. त्या चिकट थरावर भाताची शितं बसतात आणि पाणी पिऊन फुगतात, कणकेचा लगदा बसतो, चोथा बसतो. कांद्याची सालं, कोथिंबिरीचे दांडे आणि नारळाचे धागे त्याला जाळीसारखे बांधून ठेवतात. पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन चरबीचा कडक साबण होतो. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असाच सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. त्याचा तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात ठेवला. आपल्याकडे असे गोळे संग्रहालयात जात नाहीत. ते काढायला माणूस उतरवला जातो.

वैद्यकीय दृष्टीने सगळ्यात गंभीर भाग हाच आहे. तुंबलेल्या सांडपाण्यात हवा पोचत नाही. तिथे वाढणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे सेप्टिक टँकच्या किंवा खोल चेंबरच्या तळाशी साचून राहतो. गाळ ढवळला की एकदम बाहेर पडतो. दशलक्ष भागांत एक भागापेक्षा कमी असतानाही नाकाला कळतो, पण प्रमाण शंभराच्या आसपास गेलं की वास घेण्याची क्षमताच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असं उतरणाऱ्याला वाटतं, ते इथेच. त्याहून खूप जास्त प्रमाणात एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते, कारण पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही. एका पावसाळ्यात आमच्याकडे दोघांना एकत्र आणलं होतं. पहिला साफ करायला उतरलेला, दुसरा त्याला बाहेर काढायला. दुसरा वाचला नाही.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसांकरवी गटारसफाई थांबवण्याचा आदेश दिला. हे सगळं महापालिकेसाठी आहे, अशी बहुतेक सोसायट्यांची समजूत दिसते. कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो. नाक्यावरून माणूस बोलावून आणणारा सेक्रेटरीही त्यात येतो.

घरातल्या घरात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पाणी लवकर जात नाही म्हणून फरशीवरच्या जाळीखालची वाटी किंवा सिंकखालचा ट्रॅप काढून टाकला जातो. मग पाणी धो धो जातं आणि सगळे खूश होतात. त्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साचून राहतं ते उगाच नाही. गटारातला वायू, झुरळं आणि जंतू यांना घरात येऊ न देणारी ती भिंत आहे. २००३ मध्ये हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली. तपासात बाथरूमच्या फरशीतले ट्रॅप कोरडे पडलेले आढळले आणि सांडपाण्याच्या पाइपमधून विषाणू घराघरांत शिरल्याचा निष्कर्ष निघाला. तुमच्या घरी महिनाभर न वापरलेलं बाथरूम असेल तर तिथेही अधूनमधून तांब्याभर पाणी ओतत जा.

आणि उंदीर. नाल्यात अन्न मिळालं की ते वाढतात आणि पावसाळ्यात त्यांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना लेप्टो होतो. आमचे जुलै-ऑगस्टचे वॉर्ड या तापानं भरतात. उंदरांची संख्या फक्त माझ्या ताटातल्या भातामुळे वाढते असं नाही, पण त्यात तो असतोच.

आता उपायांकडे. समाजमाध्यमांवर फिरणारा सोडा आणि व्हिनेगरचा नुस्खा फेस छान देतो. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, उरतं बहुतेक पाणी. उकळतं पाणी तेलाचा थर थोडा पुढे ढकलतं, एवढंच. कॉस्टिक पावडर पाण्यात इतकी तापते की प्लास्टिकचा पाइप मऊ पडू शकतो. ॲसिड आणि ब्लीच एकापाठोपाठ एक ओतणं तर सरळ धोक्याचं. त्यातून क्लोरीन निघतो. दिवाळीच्या साफसफाईत धाप लागून येणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो. सिंक तुंबलंच तर रबरी पंप वापरा, नाहीतर खाली बादली धरून बॉटल ट्रॅप हाताने उघडा. ते आटे फिरवून निघतं, प्लंबर लागत नाही. पुढचं अडलं असेल तर प्लंबरची स्प्रिंग. पावडर आणलीच असेल तर ती मूळ डब्यात, कुलपात. आणि मुलानं तोंडात घातलीच तर उलटी मुळीच करवू नका. ती अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजते. तोंड पुसून, चूळ भरवून तडक रुग्णालय गाठा, पुडी बरोबर आणा.

पण मुळात तुंबू न देणं अवघड नाही. ताटं, कढई, पोळपाट आधी कोरडे निपटायचे. तेलकट भांडं धुण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्रानं पुसायचं (हेही पान चालेल). सिंकच्या तोंडाशी बारीक भोकांची स्टीलची जाळी बसवायची आणि ती ओल्या डब्यात झटकायची. तळणाचं उरलेलं तेल गार करून बाटलीत साठवा. ते गोळा करून बायोडिझेलसाठी पाठवणाऱ्या संस्था काही शहरांत आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८पासून चाललेला ‘रुको’ हा उपक्रम त्याचसाठी आहे. थोडंसंच असेल तर कागदात टिपून टाका. ओल्या डब्याचा वास पाण्यामुळे येतो, म्हणून आधी निथळून घ्या आणि कंपोस्टच्या टोपलीत प्रत्येक थरावर सुका पाला किंवा नारळाचा भुसा घाला.

एक अडचण मात्र आहे. बऱ्याच घरांत भांडी आपण घासतच नाही, मावशी घासतात. त्यांच्यापुढे ताटं तशीच सरकवून द्यायची आणि सिंक तुंबलं की त्यांच्यावर चिडायचं, हे आमच्याही घरी कित्येक वर्षं चाललं. त्यांना एका तासात तीन घरं उरकायची असतात. ताटं निपटण्याचं काम जेवणाऱ्यानं उठतानाच करायचं, असं आम्ही ठरवलं. जाळी अडीचशे रुपयांची आली. प्लंबर त्यानंतर आलेला नाही.

आणि कधी तुमच्या आवारातल्या चेंबरमध्ये किंवा टाकीत कोणी कोसळलेला दिसला, तर कितीही जवळचा असला तरी त्याच्यामागे उतरू नका. १०१ वर अग्निशमन दलाला आणि १०८ वर रुग्णवाहिकेला फोन करा, झाकणं उघडी ठेवा, आजूबाजूच्यांना मागे हटवा. बाहेरून दोर बांधलेला असेल तरच ओढा.