‘सोड ना यार’ म्हटल्याने सुटत नाही

कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाचं तरी नाव निघतं. कोडीन असलेल्या खोकल्याच्या सिरपच्या बाटल्या रिचवणारा, नाहीतर ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांवर दिवस काढणारा. लगेच निकाल लागतो, ‘त्याच्यात विलपॉवरच नाही!’ विषय संपतो. हा निकाल देण्याआधी मेंदूतल्या एका पेशीत डोकावायला हवं, असं मला वाटतं.

१९७३ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत कँडेस पर्ट या पीएचडीच्या विद्यार्थिनीने मेंदूत अफूजन्य द्रव्यांना पकडणारे रिसेप्टर असल्याचं दाखवून दिलं. पण अफूच्या बोंडातल्या चिकासाठी आपल्या मेंदूत आधीपासून जागा कशाला? उत्तर १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनहून आलं. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी, तसंच काम करणारी एन्केफॅलिन सापडली. म्हणजे ती जागा मुळात आपल्या स्वतःच्या वेदनाशामकांची. मॉर्फिन, हेरॉइन ही घुसखोर मंडळी.

यातला मुख्य रिसेप्टर म्हणजे ‘म्यू’. चेतापेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार ओवलेलं हे प्रथिन. बाहेरून मॉर्फिन चिकटलं की आतलं जी-प्रोटीन जागं होतं. पोटॅशियम पेशीबाहेर जायला लागतं, कॅल्शियमची आत यायची वाट बंद होते आणि पेशी शांत होते. दुखणं थांबतं, छान वाटतं.

पण रोजच कुणी असा ब्रेक दाबून ठेवला, तर पेशी ॲक्सिलरेटर वाढवते. ब्रेकमुळे सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू कमी पडतो, म्हणून तो बनवणारी यंत्रणा ती जास्त जोरात चालवते. मग कालच्या डोसने आज भागत नाही. आणि डोस चुकला की ब्रेक सुटतो, ॲक्सिलरेटर मात्र दाबलेलाच! घाम, जुलाब, अंगावर काटा, हाडं ठणकणं, झोपेचं खोबरं. अशा रात्री त्याला ‘सोड ना यार’ म्हणणं म्हणजे तापाने फणफणलेल्याला ‘ताप उतरव’ म्हणणं.

याहून भीतीदायक गोष्ट पुढेच आहे. श्वास चालू ठेवणाऱ्या मेंदूच्या भागातही हेच म्यू रिसेप्टर असतात. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी पाय घसरला आणि त्याने जुनाच डोस घेतला, तर श्वास थांबू शकतो. म्हणजे ‘सुटला बुवा!’ म्हणून आपण निर्धास्त होतो, तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो.

कुणी म्हणेल, ‘पहिली गोळी तर त्यानेच घेतली ना?’ बरोबर. पण ती घेताना त्याच्याकडे जी निवड होती, ती शंभराव्या गोळीला तेवढी उरलेली नसते. आणि उपाय आहेत. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध त्याच रिसेप्टरला घट्ट धरून बसतं, पण त्याला अर्धवटच चालवतं. त्यामुळे तडफड थांबते आणि माणूस लेक्चरला बसू शकतो. ‘एक व्यसन सोडून दुसरं’ असं म्हणून या उपचाराला नाकं मुरडणं थांबवायला हवं. पोलिसांच्या भीतीने अनेक जण डॉक्टरकडेच जात नाहीत. पण १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातलं ६४ अ हे कलम स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देतं, हे किती जणांना ठाऊक आहे?

मित्राला लेक्चर देऊ नका. त्याच्यासोबत मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, किंवा १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावून द्या. तो परत घसरला, तरी त्याचा फोन उचला. कारण लपून, एकट्याने घेतलेल्या डोसनंतर श्वास अडकला, तर ॲम्ब्युलन्स बोलवायला शेजारी कुणीच नसतं.