थंडीच्या रात्रींचें सरपण

मार्गशीर्ष सरला कीं निफाडकडील कडाक्याच्या थंडीच्या वार्ता वृत्तपत्रांतून येऊं लागतात, आणि ज्या घरीं अद्यापि तांब्याचा बंब व परसांतील चूल शिल्लक आहे तेथें सरपणाचा प्रश्न उभा राहतो. स्वयंपाक आतां बहुतेकांचा गॅसवर होतो. परंतु पंधरा-वीस माणसांच्या कुटुंबांत पहांटेचें स्नानाचें पाणी व रात्रींची शेकोटी यांना लांकूडच पुरें पडतें.

वखारींत गेल्यावर झाडाच्या नांवाआधीं वाळलेपण पाहावें. ओल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्में पाणी असूं शकतें. उघड्या हवेंत नीट वाळल्यावर तें शेंकडा १५ ते २० वर येतें. ओलें लांकूड तोलून घेणें म्हणजे पाण्याला दाम मोजणें. शिवाय त्या पाण्याची वाफ होईपर्यंत आंच फुकट जाते, ती निराळीच. दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्या. खणखणीत आवाज निघाला तर लांकूड वाळलें आहे, बोदा निघाला तर ओल आहे असें समजावें.

बाभूळ 'उष्ण' आणि सांवर 'थंड' अशी समजूत सुशिक्षित घरांतहि आढळते. वस्तुतः सारखींच वाळलेलीं किलोभर लांकडें कोणत्याहि झाडाचीं घेतलीं तरी उष्णता सुमारें सारखीच निघते. भेद आहे तो घनतेचा. सांवर, पांगारा, शेवगा हीं हलकीं. भडकतात आणि विझतात. बाभूळ, खैर, धावडा हीं भारी. त्यांचा निखारा कितीतरी वेळ धगधगत राहतो. म्हणून गाडीच्या हिशेबानें घेणाऱ्यानें जात पाहावी, तोलून घेणाऱ्यानें ओल पाहावी. 'इन्धन' आणि 'समिधा' हे दोन्ही शब्द एकाच 'इन्ध्' धातूचे. परंतु समिधांत मानाचे असलेले पळस व औदुंबर बंबाखालीं अगदींच सामान्य ठरतात. पावित्र्य वेगळें, धग वेगळी!

शेकोटी पेटवितांना पऱ्हाटी किंवा तुराट्या, त्यांवर हिवराच्या बारीक फांद्या, मग बाभळीच्या ढलप्या, आणि शेवटीं चिंचेचा एखादा गांठाळ बुडखा घालावा. तो कुऱ्हाडीला दाद देत नाहीं, पण रात्र काढतो. कण्हेर व बिब्बा मात्र कधींहि जाळूं नयेत. त्यांचा धूर अपायकारक असतो. खैर, ऐन, चिंच, आंबा हीं झाडें स्वतःच्या मळ्यांतलीं असलीं तरी १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत, हेंहि ध्यानांत असावें.

पौषांत जाळावयाचें लांकूड चैत्र-वैशाखांतच फोडून, दगडांवर उंच रचून उन्हांत ठेवावें व मृगापूर्वीं पडवींत घ्यावें. रचतांना फटी ठेवाव्या, म्हणजे वारा खेळतो.

आतां ज्यासाठीं हें सारें लिहावयास घेतलें, ती गोष्ट. वृद्धांच्या व बाळंतिणीच्या खोलींत रात्रभर शेगडी ठेवण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. धूर नाहीं, तेव्हां अपाय नाहीं, असें घरांतील वडील मंडळी म्हणतात. परंतु धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील रक्तद्रव्य प्राणवायूपेक्षां २०० हून अधिक पट ओढीनें त्याला धरून बसतें, आणि निजलेला मनुष्य जागा न होतांच जातो. जुनीं घरें कौलारू होतीं, फटींतून वारा येत-जात असे. म्हणून ती चाल बहुधा निभावली. आजच्या स्लॅबच्या, खिडक्या लावलेल्या खोलींत तोच उपचार जिवावर बेततो. सासूबाईंचा मान राखूनहि सुनेला हें सांगतां येईल: शेक घेईपर्यंत खिडकी उघडी ठेवावी, आणि निजण्यापूर्वीं शेगडी बाहेर न्यावी. डोकें दुखूं लागलें, मळमळलें, गुंगी आली, तर माणसाला प्रथम उघड्या हवेंत न्यावें व विलंब न लावतां डॉक्टरांकडे पोंचवावें. बाळंतिणीला ऊब पाहिजे, ती गोधडीनें व गरम पाण्याच्या पिशवीनेंहि मिळते.

बाहेर नेलेले निखारे विझवूं नयेत. परसांतील चुलींत घालून वर राखेचा जाड थर द्यावा. पहांटे राख बाजूला सारून मूठभर पऱ्हाटी टाकावी व फुंकणी लावावी. बंब आगपेटीवांचून पेटतो.