बंडाची किंमत मुलींनीच का मोजायची?



गेल्या मे महिन्यात आमच्या किशोरी गटातल्या अकरा मुलींना घेऊन मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका विज्ञान शिबिराला गेले होते. मंचावर काळ्या टी-शर्टातले तरुण, रॅप, धूर, डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन. ‘नियम मोडा, शास्त्रज्ञ व्हा!’ ही घोषणा. पोरं खूश. ड्रोनचा रिमोट मात्र दिवसभर मुलग्यांच्याच हातात फिरला. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा आमची नववीतली एक मुलगी उभी राहिली. ‘पाळीत हात लावला तर लोणचं खरंच नासतं का?’ सभागृहात हशा पिकला. मंचावरचा तरुण म्हणाला, ‘हा आजचा विषय नाही. तुमच्या मॅडमना विचार.’

मग हे लोक नेमके कोणते नियम मोडायला सांगत होते?

मुलांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून त्याला बंडखोरीचा पोशाख चढवावा, असं हल्ली बऱ्याच जणांना वाटतं. पंधराव्या वर्षी मोठ्यांना न रुचणारं सगळंच आवडतं, हे खरं आहे. पण महाराष्ट्रात हा पोशाख उसना आणायची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि भटजीवाचून लग्नं लावून दाखवली. १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जिभेवर कापूर पेटवून बुवांचे चमत्कार उघडे पाडत आले. पोरांना त्यात थरार वाटायचा, कारण समोर खरा बुवा होता आणि त्याच्यामागे खरी सत्ता होती. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. टी-शर्टावरच्या घोषणेसाठी कुणाचा खून होत नाही.

आणि तंत्रज्ञान आपोआप बंडखोर होत नसतं. ऐंशीच्या दशकात गर्भजलपरीक्षाही ‘आधुनिक’ म्हणूनच खपवली गेली. हे कुणासाठी, कशासाठी, असं स्त्रीसंघटनांनी आणि काही डॉक्टरांनी रस्त्यावर येऊन विचारलं, तेव्हा कुठे १९८८ मध्ये महाराष्ट्रात लिंगनिदानाविरुद्ध कायदा झाला.

लोणच्याचं उत्तर आम्ही गटातच शोधलं. एकाच कैऱ्या, सारखं मीठ, सारखं तेल, दोन बरण्या. एकीत पाळी चालू असलेल्या मुलींनी स्वच्छ, कोरड्या हातांनी लोणचं भरलं, दुसरीत इतरांनी. कोणती कुणाची हे चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद केलं. दीड महिन्यानं पाहिलं तर दोन्ही सारखीच टिकलेली. पाकीट उघडताना पोरींचे जे चेहरे झाले होते, ते ड्रोन बघताना झाले नव्हते.

पण खरी परीक्षा पुढे होती. त्या मुलीनं पाळीत घरच्या बरणीला हात लावला आणि तसं सांगितलंही. आजीनं लोणचं उकिरड्यावर ओतलं. आईनं थोबाडीत दिली. गटात येणं बंद झालं, शाळा सोडवायची भाषा सुरू झाली. मुलगा नियम मोडतो तेव्हा धाडसी ठरतो. मुलगी मोडते तेव्हा तिच्यासाठी स्थळं बघतात.

गटातल्या दोन मुलींच्या आया आणि मी, आम्ही त्या घरी चार खेपा घातल्या. आजीशी वाद घातला नाही. ‘आजी, तुम्ही कुठं बसायच्या त्या दिवसांत?’ एवढंच विचारलं. तिसऱ्या खेपेला आजी गोठ्यातल्या थंडीबद्दल बोलायला लागली. मुलगी आता शाळेत जाते, गटातही येते. घरच्या बरणीला हात लावायची परवानगी मात्र अजून नाही.

शिबिरं घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे: रिमोट आधी मुलींच्या हातात द्या. पाळीचा प्रश्न मंचावरच घ्या. आणि पोरींना नियम मोडायला सांगणार असाल, तर कार्यक्रम संपल्यावर वस्तीत परत या.

आपणही निर्दोष नाही. विज्ञान हे दुसऱ्या कुणाचं तरी काम, असं समजून आपण ते सोडून दिलं. किशोरी गटात आपण शरीराची चित्रं दाखवतो, प्रयोग करत नाही. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक गटानं दोन बरण्या भराव्यात. आणि ज्या मुलीला त्यापायी मार बसेल, तिच्या दारात दुसऱ्याच दिवशी आपण उभं असावं.