अनारशाचे पीठ आणि घरातील पथ्य

दिवाळीला अजून दोन आठवड्यांचा अवकाश आहे; परंतु ज्या घरांत अनारसे होतात, त्या घरांत दिवाळी याच आठवड्यात सुरू होते. तांदूळ भिजत घालण्याची वेळ आलेली असते. लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात हरभरा डाळ आणि पोहे यांची खरेदी सुरू झाली आहे, गिरणीपुढे भाजणीचे डबे रांगेत लागले आहेत आणि पेठांतील अंगणांत मुले दगडमाती गोळा करून पन्हाळा रचू लागली आहेत. या दिवसांत ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी लिहावयाचे म्हणजे तेल, तूप आणि साखर जपा असे सांगावयाचे, असा प्रघात आहे. ते सांगणे योग्यच आहे. मात्र या पंधरवड्यात मी आमच्याच घरी घडलेली एक चूक वाचकांपुढे ठेवणार आहे. ती पथ्य मोडल्याने घडली नव्हती. पथ्य चुकीच्या रीतीने पाळल्याने घडली होती.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणण्याची रीत आहे. आत्यांचे वय आता एक्याऐंशी. मधुमेहाला वीस वर्षे होत आली. पूर्वी साऱ्या गल्लीत त्यांचे अनारसे प्रसिद्ध होते. ज्यांनी अनारसे स्वतः केले आहेत, त्यांना त्यातील कष्ट सांगावयास नकोत. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, चौथ्या दिवशी निथळून सावलीत पंचावर पसरावयाचे आणि किंचित ओलसर असतानाच कुटून बारीक चाळणीने चाळावयाचे. मग गूळ किसून पिठात मिसळावयाचा, चमचाभर तूप घालावयाचे आणि गोळे करून डब्यात आठवडाभर मुरू द्यावयाचे. अनारसा खसखशीवर थापला, की खसखशीची बाजू वर ठेवून तो तुपात सोडावयाचा आणि उलटावयाचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवावयाचे. गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात विरघळून पसरतो. त्याला आपण ‘अनारसा हसला’ असे म्हणतो. गूळ कमी पडला तर तो दडस होतो आणि जाळी पडत नाही. हे प्रमाण आत्या वाटीने मोजत नसत. चिमूटभर पीठ बोटांत दाबून त्या सांगत, ‘अजून दोन बोटं गूळ लागंल.’ त्यांचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या तपासण्यांत साखर वाढलेली आढळली आणि मूत्रपिंडाचे काम थोडे मंदावल्याचेही दिसले. गोळ्यांत बदल झाला. घरी आल्यावर आम्ही सर्वांनी मिळून एक निर्णय घेतला. मिळून म्हणजे मी, यजमान आणि पुण्याहून आलेला मुलगा. आत्यांना कोणी विचारले नाही. निर्णय असा, की या वर्षी घरी गोडाचे काही करावयाचे नाही. फराळ बाहेरून मागवावयाचा, त्याचे डबे माडीवर ठेवावयाचे आणि आत्यांनी स्वयंपाकघरात यावयाचे नाही. ‘आत्या, तुम्ही आता नुसत्या बसा, आराम करा,’ असे मी प्रेमाने म्हणाले होते. त्या म्हणाल्या, ‘अगं, मी काय खातो का ते? मी नुस्तं करतो.’ मी हसून विषय बदलला.

त्या वर्षी पहिल्या आंघोळीला आम्ही पहाटे उठलो. उटणे, सुगंधी तेल, दारातील पणत्या, सारे नेहमीप्रमाणे झाले. आंघोळीनंतर सर्वजण फराळाला बसले. सर्वांपुढे भरलेली ताटे होती. आत्यांपुढे बिनसाखरेचा चहा आणि दोन बिस्किटे. त्यांनी सकाळची गोळी नेमाने घेतली, चहाचे दोन घोट घेतले आणि ‘भूक न्हाई’ म्हणून खोलीत जाऊन पडल्या. घरात पाहुण्यांची वर्दळ होती. त्यांनी काहीच खाल्लेले नाही, याची नोंद कोणी घेतली नाही.

साडेदहाच्या सुमारास मी खोलीत गेले, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली. बोलणे जड झाले होते. कपाळावर आणि मानेवर घाम डवरला होता. मुलगा म्हणाला, ‘आजीनं गुपचूप लाडू खाल्ला असणार, साखर वाढली असेल.’ आणि आम्ही काय केले? त्यांच्या पलंगाखालचा डबा ओढून काढला आणि त्यात लाडू शोधू लागलो. डब्यात लाडू नव्हता. कागदाच्या पुडीत बांधलेली खसखस होती. अनारशांसाठी त्यांनी ती शेजारच्या मुलीकडून आधीच आणवून ठेवली होती.

तेवढ्यात यजमानांना ग्लुकोमीटर आठवला. रक्तातील साखर निघाली ४८. ती वाढलेली नव्हती, धोक्याच्या पातळीपर्यंत उतरली होती. साखरेचे पाणी घोटघोट पाजले. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि आमच्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी त्यांना दिवसभर देखरेखीखाली ठेवून घेतले. लक्ष्मीपूजन त्या वर्षी रुग्णालयातून परतल्यावर, उशिरा झाले.

वाचकहो, या प्रसंगातून जे शिकावयास मिळाले, ते प्रत्येक काळजीवाहू व्यक्तीने लक्षात ठेवावे असे आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण चुकले, तर रक्तातील साखर झपाट्याने खाली येऊ शकते. ७० मिलिग्रॅमच्या खाली ती गेली, की ती कमी समजावी. तरुणांत हात थरथरणे, छातीत धडधडणे ही लक्षणे ठळक दिसतात. वृद्धांत पुष्कळदा गोंधळ, असंबद्ध बोलणे, चिडचिड, तोल जाणे किंवा नुसती सुस्ती एवढेच दिसते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र येतो. म्हणून थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाला विनाकारण घाम फुटला, तर आधी साखर तपासावी. ग्लुकोमीटर जवळ नसेल तर साखर कमी आहे असेच धरून चालावे.

अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर अजून कमीच असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. समोर लाडूचा डबा असला तरी लाडू देऊ नये, कारण त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साध्या साखरेचा गुण उशिरा येतो. अशा घरी ग्लुकोजची पूड ठेवलीच पाहिजे. माणूस सावध झाल्यावर थोडी भाकरी किंवा भात खाऊ घालावा. माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. शिवाय या गोळ्यांचा परिणाम तासन्‌तास टिकतो. मूत्रपिंड मंद असेल तर साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना कळवावेच.

रुग्णालयात डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘त्यांनी जेवण का सोडलं?’ त्याचे उत्तर मला ठाऊक होते. ते उच्चारणे कठीण गेले. आत्यांना लाडू मिळाला नाही याचे दुःख नव्हते. त्यांच्या हातचे काम आम्ही काढून घेतले होते. साठ वर्षे ज्या घरात दिवाळी त्यांच्या हाताने झाली, त्या घरात त्या दिवशी त्या पाहुण्या होऊन बसल्या होत्या. साखरेला घालावयाची बंदी आम्ही आत्यांना घातली होती.

पुढच्या वर्षी वसुबारसेच्या आधी दोन आठवडे आम्ही पुन्हा बैठक घेतली; या वेळी आत्या मध्ये बसल्या. डॉक्टरांचा सल्ला आधीच घेतला होता. ठरले ते असे. अनारसे घरी होतील, मात्र दरवर्षीच्या चौथा हिस्सा. कुटणे आणि तळणे माझ्याकडे. तांदळाची पारख, गुळाचे प्रमाण आणि थापणे आत्यांकडे. त्या खुर्चीत बसून, पुढे पाट घेऊन थापतील. शेगडीजवळ फार वेळ थांबणार नाहीत. आणि पाडव्याला दुपारच्या जेवणात एक अनारसा त्या खातील, राजरोस, सर्वांबरोबर. त्या दिवशी ताटातील भात तेवढा कमी होईल. गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच राहील. जेवणानंतर दोन तासांनी तपासणी होईल आणि ती वहीत लिहिली जाईल.

त्या बैठकीत यजमानांनी एक सूचना केली, की गुळाचेच करतो आहोत, मग दोन खाल्ले तरी काय बिघडते? हा गैरसमज आपल्या भागात फार पसरलेला आहे. कोल्हापूरच्या बाजार समितीत पाडव्याच्या मुहूर्तावर गुळाचे सौदे निघतात, आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. गुळाचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु मधुमेहात गूळ हा साखरेला पर्याय नव्हे. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. गुळात बहुतांश साखरच असते आणि तो रक्तातील साखर तशीच वाढवतो. त्यातील लोह, खनिजे खरी आहेत, पण एका अनारशातून ती किती मिळणार? ‘शुगर फ्री’ असे लिहिलेल्या मिठाईतही मैदा आणि तूप असतेच, हेही ध्यानात ठेवावे.

आता फराळाच्या इतर पदार्थांविषयी थोडे. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना गोडापेक्षा तिखटमीठ अधिक जपावे लागते. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेव, चिवडा, चकली यांतून ते न कळत वाढते. वयानुसार जिभेची चव मंदावते, त्यामुळे ज्येष्ठांना पदार्थ अळणी लागतो आणि ते वर मीठ घेतात. चिवड्यात लिंबू किंवा आमचूर आणि भाजलेले जिरे घातले, तर कमी मिठातही चव येते.

कवळी वापरणाऱ्यांना चकली तोडणे अवघड जाते. त्यांच्यासाठी थोडी कडबोळी मोहन किंचित वाढवून खुसखुशीत करावीत. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळण्याचा त्रास असेल तर चिवडा, शेंगदाणे, भुसभुशीत लाडू यांचे कण श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अशा व्यक्तीला ताठ बसवून, लहान घास द्यावा आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. तिच्यासाठी दाटसर खीर हा अधिक सुरक्षित फराळ होय. तिचा दाटपणा गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांना किंवा डॉक्टरांना विचारून ठरवावा. आणि पहिल्या आंघोळीला तेल लावल्यावर न्हाणीघरातील फरशी किती निसरडी होते, हे आपण जाणतोच. ज्येष्ठांना तेल खोलीतच, खुर्चीवर बसवून लावावे, न्हाणीत पुरेसा उजेड असावा आणि पायाखाली रबरी चटई असावी.

परंतु या सर्वांहून अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरातील वृद्धांना दिवाळीत एखादे खरे काम द्यावे. मन रमविण्यासाठी दिलेले खोटे काम त्यांना लगेच कळते. भाजणीचे प्रमाण सांगणे, करंजीला मुरड घालणे, पाहुण्यांच्या घरी कोणता डबा जायचा ते ठरवणे, नातवंडांच्या किल्ल्यावर कोणता बुरूज कोठे हे दाखवणे, ज्याला जे जमेल ते. ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे, त्यांनाही वाती वळणे किंवा करंज्या ताटात मांडणे पुष्कळदा जमते. आणि सणाच्या गडबडीत गोळी घेतल्यानंतर त्या व्यक्तीने काय खाल्ले, हे पाहण्याची जबाबदारी घरातील एका माणसाकडे नावानिशी सोपवावी.

त्या दुसऱ्या वर्षी पीठ भिजवताना आत्यांचा हात कापत होता. गूळ थोडा जास्त पडला आणि पहिला अनारसा तुपात सोडताच पसरला. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, ‘हसू दे. थोडं कोरडं पीठ मिसळ की.’ मी मिसळले. दुसऱ्याला जाळी पडली. पाडव्याला त्यांनी तो एक अनारसा दहा मिनिटे पुरवून खाल्ला. दोन तासांनी वहीत आकडा लिहिला तो १७२. डॉक्टरांना तो मान्य होता.

आमच्या घरी परवा तांदूळ भिजत पडले. पाणी बदलण्याची आठवण आत्याच करून देतात.