दोष मराठीचा नव्हे, न विचारण्याचा

‘संगणकात मराठी नीट चालत नाही, सबब नोंदी रोमन लिपीत कराव्यात,’ असा प्रस्ताव सीमाभागातील एका मराठी ग्रंथालयाच्या बैठकीत नुकताच मांडला गेला. कारण एवढेच की, ‘कऱ्हाड’ हा शब्द सूचीत डोळ्यांना दिसतो, पण शोधला असता सापडत नाही. ज्या भागात मराठी पाटीसाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तेथे आपल्याच माणसांनी साक्षीपुराव्यावाचून मराठीला दोषी ठरवावे, याचा आम्ही निषेध करतो.

साक्षीदार हजर होता. त्याला कोणी प्रश्न विचारला नाही. सूचीचा प्रोग्राम पायथन भाषेत लिहिलेला आहे, आणि पायथनचे संवादी शेल म्हणजे चालू प्रोग्रामची उलटतपासणी घेण्याचीच जागा. शोध घेणाऱ्या फंक्शनमध्ये ‘ब्रेकपॉइंट’ची एक ओळ घातली की प्रोग्राम तेथे थांबतो आणि पीडीबी हा डीबगर समोर येतो. २०१८ सालच्या ३.७ आवृत्तीपासून ही सोय आहे. कोणत्या चलात या क्षणी काय आहे, असे विचारावे, उत्तर मिळते.

आम्ही विचारले. नोंदीतल्या शब्दाची लांबी ७, शोधलेल्या शब्दाची ६. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण पीडीबीत चलाचे मूल्य मागितले की अदृश्य चिन्हही आपल्या क्रमांकासह उघडे पडते. नोंदीत साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यामागे २००डी क्रमांकाचा अदृश्य ‘झीरो विड्थ जॉइनर’ होता. शोधणाऱ्याने ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ आणि हलन्त टंकले होते. युनिकोडला दोन्ही रीती मान्य आहेत, परंतु त्याचे नेहमीचे प्रमाणीकरण त्या एक करीत नाही. नोंदवताना आणि शोधताना पहिली रीत दुसरीत बदलणारी एक ओळ लिहिली की प्रश्न मिटतो. त्यासाठी लिपी बदलायची?

कोणी म्हणेल, हे तंत्रज्ञांचे काम. भाषेच्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ दिलेला मान वेगळा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेली मजुरी वेगळी. हा भेद आपण जपला. हिंदीला त्याची गरज भासत नाही. मग हिंदीपुरती चाचणी करून देवनागरीचे काम संपले असे मानणाऱ्याच्या तो लक्षात यावा कसा? आणि रोमन लिपीत तर तो साफ बुडतो.

पाट्यांसाठी आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच झाले. आता यंत्राच्या आत काय लिहिले आहे, तेही आपणच वाचले पाहिजे. आमची मागणी साधी आहे: प्रस्ताव मागे घ्या, प्रोग्राम थांबवा, त्याला विचारा. जो प्रश्नच विचारीत नाही, त्याने मराठीच्या वतीने हार मान्य करू नये.